विश्लेषण : सिनेमाचा ‘व्हॉइस-ओव्हर’ घरच्या खोलीत होऊ शकतो का?

माइक आणि लॅपटॉप आणला की घराचा स्टुडिओ होतो, असे सांगणारे व्हिडीओ मोबाइलवर ढिगाने सापडतात. ‘स्टुडिओशिवाय सिनेमाचे काम होतच नाही’ असे ठासून सांगणारे जुने ध्वनिमुद्रकही तितक्याच सहज भेटतात. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. घरी काय जमते, काय जमत नाही आणि मुख्य म्हणजे घरी काम केल्याने वाचलेले पैसे कोणाच्या खिशात जातात, हे नीट पाहायला हवे. आवाजाच्या क्षेत्रात येऊ पाहणारी मुले आज पहिली कमाई हातात येण्याआधीच खोलीवर आणि माइकवर खर्च करून बसलेली असतात.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

‘व्हॉइस-ओव्हर’ हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळी कामे मिसळली जातात. पहिले निवेदन. बोलणारा पडद्यावर दिसत नाही, गोष्ट सांगतो. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्ये (१९६९) अमिताभ बच्चन असेच फक्त आवाजाने होते आणि ‘लगान’मध्येही (२००१) कथा सांगणारा आवाज त्यांचाच. दुसरे डबिंग, म्हणजे एका भाषेतल्या नटाच्या ओठांवर दुसऱ्या भाषेतला आवाज बसवणे. हिंदी ‘बाहुबली’तला प्रभासचा आवाज शरद केळकरांचा आणि हिंदी ‘पुष्पा’तला अल्लू अर्जुनचा आवाज श्रेयस तळपदेंचा, हे मराठी प्रेक्षकाला वेगळे सांगायला नको. तिसरे काम म्हणजे नटाने चित्रीकरणानंतर स्वतःचेच संवाद पुन्हा म्हणणे. चित्रीकरणाच्या जागी गोंगाट होता, वाऱ्याने शब्द खाल्ला, दिग्दर्शकाने वाक्य बदलले, अशी त्याची कारणे.

घर की स्टुडिओ या प्रश्नाचे उत्तर या तिन्ही कामांसाठी वेगळे आहे. निवेदनाला ओठ जुळवायचे नसतात आणि आजूबाजूच्या दुसऱ्या आवाजाशी मेळही घालायचा नसतो. त्यामुळे घरी करण्याजोगे काम कोणते असेल, तर हेच. डबिंगमध्ये चित्र समोर लागते, ते सेकंदाला २४ चौकटींनी पळत असते आणि दोन-तीन चौकटींची चूकही डोळ्याला खुपते. शिवाय प्रदर्शित न झालेल्या चित्रपटाची दृश्ये कलाकाराच्या घरच्या संगणकावर पाठवायला निर्माते आणि मोठे ओटीटी मंच राजी नसतात. हे कारण तांत्रिक नाही, पण बहुतेक वेळा निर्णय त्यावरच होतो. तिसरे काम सर्वांत अवघड. एखाद्या नटाचे पहिले वाक्य वाड्याच्या अंगणात बूम माइकवर टिपलेले आणि त्यापुढचेच वाक्य बेडरूममध्ये रेकॉर्ड केलेले असेल, तर प्रेक्षकाला काय चुकले ते सांगता येत नाही, पण खटकते जरूर.

म्हणून यापुढचे बोलणे मुख्यतः निवेदनाविषयी.

गोंगाटाशी भांडण जुनेच

१९३१ साली प्रदर्शित झालेला ‘आलम आरा’ मुंबईत चित्रित झाला तेव्हा स्टुडिओजवळून रेल्वेमार्ग जात होता. गाड्यांची वर्दळ थांबली की मग रात्री उशिरा काम चालायचे. पुढे गोंगाट करणारे कॅमेरे आले, चित्रीकरणात आवाज टिपणेच सोडून देण्यात आले आणि सगळे संवाद नंतर बंद खोलीत म्हणण्याची पद्धत रुजली. ‘लगान’ने जागेवरच आवाज टिपण्याचा मार्ग मुख्य धारेच्या हिंदी सिनेमात पुन्हा मोकळा केला. ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी २००९ मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी वर्षानुवर्षे त्याच पद्धतीचा आग्रह धरत आले आहेत. थोडक्यात, आपल्या सिनेमाचा इतिहास हा बऱ्याच अंशी बाहेरचा आवाज टाळण्याचा इतिहास आहे. आज तीच कसरत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सुरू आहे, एवढाच फरक.

ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ही झाली घराबाहेरची पातळी. खिडक्या घट्ट लावून, पंखा बंद करून रात्री आतली पातळी ३०-३५ पर्यंत उतरू शकते. चांगल्या ध्वनिमुद्रण कक्षात ती २० च्या आसपास असते. आकड्यात फरक किरकोळ वाटतो. मात्र डेसिबलच्या मोजमापात दर १० ला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ३५ आणि २० यांत तीसपटीहून अधिक अंतर पडले.

आणि हे सगळे शांत रात्रीचे गणित. दिवसा कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाळी, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, पाण्याचा पंप, लिफ्टचे दार. उन्हाळ्यात कोकीळ पहाटे साडेचारलाच सुरू होते. कवींना ती प्रिय असेल, निवेदकाला नाही. पावसाळ्यात शेजारच्या पत्र्याच्या शेडवर सर आली की त्या दिवसाचे काम संपलेच म्हणायचे.

गोधडी चालते, अंड्याचे ट्रे नाही

इथे एक मोठा गैरसमज आहे आणि त्यापायी बरेच पैसे वाया जातात. बाहेरचा आवाज आत न येऊ देणे ही एक गोष्ट आणि आतला आवाज भिंतींवर आपटून परत न येऊ देणे ही दुसरी. पहिल्यासाठी वजन लागते: जाड भिंत, भरीव दार, फटी बुजवलेल्या खिडक्या. दुसऱ्यासाठी मऊ आणि जाड वस्तू लागतात. बाजारातले इंचभर फोमचे चौकोन भिंतीला चिकटवले तर बाहेरच्या रिक्षाचा आवाज जराही कमी होत नाही. ते आतला प्रतिध्वनी थोडा शोषतात, तोही फक्त वरच्या पट्टीतला. अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे तर जवळपास निरुपयोगीच. तरीही दर दुसऱ्या घरगुती स्टुडिओत ते दिसतात.

मग काय चालते? कपड्यांनी गच्च भरलेले उघडे कपाट. गाद्या. चार पदरी जाड गोधडी भिंतीपासून वीतभर पुढे टांगली, तर भिंतीला चिकटवलेल्या महागड्या फोमपेक्षा ती चांगले काम करते, कारण मागच्या पोकळीमुळे खालच्या पट्टीतला आवाजही काहीसा शोषला जातो. टाळेबंदीत जगभरच्या कलाकारांनी हेच केले. बीबीसी रेडिओवर १९५१ पासून चालू असलेल्या ‘द आर्चर्स’ या मालिकेचे भाग मे २०२० मध्ये कलाकारांच्या घरी रेकॉर्ड होऊ लागले आणि त्यासाठी लेखनाची पद्धतही बदलून स्वगतांवर भर द्यावा लागला. हा तपशील महत्त्वाचा आहे. घरातून काम झाले खरे, पण ते घराला झेपेल असेच लिहावे लागले.

खोलीचा आकारही आवाजात उतरतो. आपल्याकडची बेडरूम बहुधा १० बाय १० फुटांची. समोरासमोरच्या भिंतींमधल्या १० फुटांत साधारण ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ११२ हर्ट्झचे स्वर अडकून घुमतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे काही अक्षरे विनाकारण फुगणार. त्यात लांबी-रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांनी तोच स्वर घुमतो. ‘माझा आवाज रेकॉर्डिंगमध्ये डब्यात बोलल्यासारखा का येतो’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बऱ्याचदा गळ्यात नसून खोलीच्या मापात असते. असल्या खोलीत बरोबर मधोमध कधीही बसू नये.

स्वतःची खोली तपासायला उपकरण लागत नाही. हातातला मोबाइल पुरतो. एक जोरदार टाळी वाजवा. मागून धातूसारखी झणझण ऐकू आली तर भिंती उघड्या आहेत. मग अर्धा मिनिट काहीही न बोलता खोली रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून आवाज मोठा करून ऐका. तुम्हाला ठाऊकच नसलेला फ्रिज त्या खोलीत राहतो, हे तेव्हा कळते.

आधी माइक घ्यायचा की खोली सुधारायची?

खोली. याबाबत मला तरी शंका नाही. हल्ली मध्यम किमतीचे माइकही कमालीचे शांत आहेत. रोडच्या ‘एनटी१’चा स्वतःचा आवाज अवघा साडेचार डेसिबल आहे. ज्या खोलीत ३५ डेसिबलचा गोंगाट आहे तिथे हा गुण कोणाच्या उपयोगाचा? नॉइमनचा ‘यू ८७’ हा स्टुडिओतला मानाचा माइक. तो घरी आणला तर तो शेजाऱ्याचा टीव्हीही तितक्याच इमानेइतबारे टिपेल. संवेदनशील माइक वाईट खोलीला माफ करत नाही.

वीतभर अंतर हा त्यावरचा फुकटचा उपाय. तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले तर आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा गोंगाट तेवढाच राहतो. पण फार जवळ गेले की प, फ, भ यांचे धक्के माइकवर आदळतात आणि आवाज नको इतका खर्जात जातो. मराठीत तर दंत्य च, ज, झ यांचा फुत्कारही सांभाळावा लागतो. ‘चहा’ सुरळीत जातो, ‘चमचा’ कानात टोचतो. माइक तोंडासमोर सरळ न धरता किंचित तिरका ठेवला आणि मध्ये जाळी लावली, की बरेचसे निभावते.

‘सॉफ्टवेअर साफ करेल ना?’

करते, आणि हल्ली थक्क व्हावे इतके चांगले करते. सलग घरघर, एसीचा आवाज, थोडासा प्रतिध्वनी हे आता काही मिनिटांत निघते. बातमीच्या व्हिडीओला, रीलला, प्रशिक्षणाच्या फितीला ते पुरून उरते.

सिनेमात अडचण वेगळी आहे. ह, श, फ, स ही अक्षरे मुळात नुसत्या हवेच्या आवाजासारखीच असतात. सॉफ्टवेअर गोंगाट कापताना त्यांच्यावरही कात्री चालवते. मराठी वाक्य तर बहुधा ‘आहे’, ‘नाही’, ‘होते’ यांवर संपते आणि चांगला निवेदक तिथे आवाज अलगद खाली ठेवतो. नेमकी तीच शेपटी कापली जाते. मोबाइलवर ते जाणवत नाही. थिएटरात, पडद्यामागचा मोठा स्पीकर, शांत प्रेक्षागृह आणि पार्श्वसंगीत थांबलेला क्षण असा योग आला, की निवेदकाचे प्रत्येक वाक्य पाण्यातून वर आल्यासारखे वाटते. वाक्य सुरू झाले की मंद हवा सुरू, संपले की एकदम मुका अंधार. हा चालू-बंदचा खेळ प्रेक्षकाला गोष्टीतून बाहेर काढतो.

निवेदन जितके जिवलग, तितका हा धोका मोठा. ‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या (१९७९) ध्वनिरचनेत वॉल्टर मर्च यांनी नायकाचे निवेदन अगदी जवळून टिपले होते. उशीवर शेजारी डोके ठेवलेल्या माणसाशी बोलावे तसे ते बोलायचे, अशी त्यामागची कल्पना होती. पात्रांचे संवाद मधल्या स्पीकरमधून येत आणि हे निवेदन मात्र पडद्यामागच्या तिन्ही स्पीकरमधून. अशा रचनेत खोलीचा जरा जरी आवाज मिसळला असता तर तोही सगळ्या पडद्यावर पसरला असता.

म्हणून निर्मात्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा की चित्रपट शेवटी ऐकला कुठे जाणार. थिएटर असेल तर निवेदन नीट कक्षातच व्हावे. महोत्सवांत आणि नंतर यूट्यूबवर जाणाऱ्या ४० मिनिटांच्या माहितीपटासाठी, खोली जमवलेली असेल तर घर चालेल. फाइल मात्र सुरुवातीपासून सिनेमाच्या मापाने, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटने करावी. व्हॉट्सअॅपवरून आवाजाच्या रूपात पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते, त्यामुळे ती फक्त नमुना ऐकवण्यापुरती.

काचेपलीकडचा माणूस

आतापर्यंत सगळे भिंती आणि माइकचे बोलणे झाले. माझ्या मते स्टुडिओचा खरा मोबदला वेगळ्याच गोष्टीसाठी असतो. काचेपलीकडे कोणीतरी ऐकत असते.

निवेदक एकटा रेकॉर्ड करतो तेव्हा तो वाचणाराही असतो, ऐकणाराही आणि बटण दाबणाराही. वाक्यात भाव उतरला का, हे पाहायचे तर मीटरकडे लक्ष जात नाही. मीटर पाहिला तर अर्थ निसटतो. स्टुडिओत ध्वनिमुद्रक सांगतो, ‘‘‘तेव्हा’वर जोर पडला, पुन्हा घ्या.’’ दिग्दर्शक सांगतो की हे वाक्य बाईला उद्देशून आहे, गर्दीला नाही. सतराव्या वेळी कधीतरी ते वाक्य लागते. घरी माणूस तिसऱ्या वेळीच स्वतःवर खूश होतो, नाहीतर तिसाव्या वेळीही नाखूश असतो. दोन्हींत चित्रपटाचे नुकसान आहे.

इंटरनेटवरून थेट जोडून देणाऱ्या सेवांमुळे हे अंतर बरेच कमी झाले आहे. ‘सोर्स-कनेक्ट’सारख्या प्रणालीने पुण्यातला निवेदक आणि मुंबईतला दिग्दर्शक एकाच वेळी काम करू शकतात आणि दर्जेदार ध्वनी त्या टोकाला रेकॉर्ड होतो. साध्या व्हिडीओ कॉलवर दिग्दर्शकाने ऐकायचे आणि निवेदकाने आपल्याकडे मूळ फाइल करायची, हा स्वस्तातला मार्गही चालतो. दिग्दर्शक हजर नसलेले घरगुती रेकॉर्डिंग आणि हजर असलेले, यांत जेवढा फरक पडतो तेवढा घर आणि स्टुडिओ यांतही पडत नाही, असे मी म्हणेन.

शिवाय पाटी ‘स्टुडिओ’ची असली म्हणून आत स्टुडिओ असतोच असे नाही. अंधेरी-गोरेगाव पट्ट्यातल्या इमारतींत एका बेडरूमला फोम मारून तासावर भाड्याने देणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. तिथे जाण्यापेक्षा आपले कपाट बरे.

घराचे पारडे जड कुठे?

दोन ठिकाणी निर्विवाद. एक, शेवटच्या दुरुस्त्या. माहितीपटाचे संकलन अखेरच्या रात्रीपर्यंत बदलत राहते. आकडा बदलतो, गावाचे नाव चुकलेले निघते, एक दृश्य कापले म्हणून अर्धे वाक्य नवे लागते. त्या एका वाक्यासाठी स्टुडिओ घेणे, निवेदकाने कल्याणहून अंधेरीला जाणे, हा शुद्ध वेडेपणा. मात्र मूळ काम स्टुडिओत आणि दुरुस्ती घरी असे झाले तर जोड दिसते. त्यामुळे जिथे दुरुस्त्या फार होणार हे ठाऊक आहे, तिथे सगळेच निवेदन एका चांगल्या घरगुती जागेत, त्याच माइकवर, त्याच अंतरावरून घेणे जास्त शहाणपणाचे.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. आवाजाचे काम आजवर मुंबईत, त्यातही पश्चिम उपनगरांत एकवटलेले होते. मुंबईत भाड्याने राहणे परवडेल त्यालाच ते मिळायचे. परिणामी मराठी निवेदनाचा एक ठरावीक स्वर झाला: गुळगुळीत, प्रमाण, कुठल्याच गावचा नसलेला. वर्धा नदीवरच्या माहितीपटाला वऱ्हाडी कानाचा निवेदक, खानदेशातल्या केळीच्या बागांवरच्या फितीला अहिराणी बोलणारी बाई, दशावतारावरच्या चित्रपटाला मालवणीत वाढलेला आवाज मिळायचा तर तो माणूस तिथेच भेटणार. अकोला, जळगाव, सावंतवाडीत सिनेमाच्या तोडीचा कक्ष सहज सापडत नाही. घरचे रेकॉर्डिंग नसते तर हे आवाज आलेच नसते. तिथे थोडा खोलीचा वास आला तरी मी तो पत्करेन. चुकीच्या तोंडून आलेली निर्दोष ‘अ’ श्रेणीची फाइल काय कामाची?

वाचलेले पैसे गेले कुठे?

हा प्रश्न या चर्चेत फारसा विचारला जात नाही. पूर्वी स्टुडिओचे भाडे आणि ध्वनिमुद्रकाचा पगार निर्माता देत असे. निवेदकाने यायचे, वाचायचे, मानधन घेऊन जायचे. आता कामाच्या जाहिरातींत ‘होम स्टुडिओ आवश्यक’ ही अट सर्रास दिसते. म्हणजे माइक कलाकाराचा, खोली कलाकाराची, वीज त्याची, चुका कापून फाइल स्वच्छ करण्याचे दोन तास त्याचे, आणि मानधन तेच किंवा कमी. स्टुडिओत एका तासात उरकणारे काम घरी सहा तास चालते आणि त्या पाच तासांचा हिशेब कोणी मांडत नाही. स्टुडिओत ‘पुन्हा घ्या’ म्हणायला निर्मात्याला भाडे मोजावे लागायचे, म्हणून तो विचार करूनच म्हणायचा. घरी काम करणाऱ्याला आठव्या दिवशीही ‘जरा वेगळा टोन देता का’ असा निरोप येतो.

घरी काम करणाऱ्या निवेदकाने म्हणूनच चार गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. मजकुराचे मानधन वेगळे आणि ध्वनिमुद्रण व सफाईचे वेगळे. किती दुरुस्त्या मोफत, आणि मजकूर निर्मात्याने बदलला तर त्याचे पैसे किती. दिग्दर्शक रेकॉर्डिंगच्या वेळी ऐकणार की फाइल मिळाल्यावर. आणि चौथी, या काळात सर्वांत निकडीची: पाठवलेला आवाज कशासाठी वापरला जाईल.

कारण घरून जाते ती कच्ची, स्वच्छ, संगीत न मिसळलेली फाइल. कृत्रिम बुद्धिमत्तेला एखाद्याचा आवाज शिकवायला याहून सोयीचा माल नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करून देणाऱ्यांना मनाई केली, तेव्हा त्यांच्यामागे नाव होते, वकील होते. सांगली-सोलापूरच्या नवोदित निवेदकाकडे यातले काही नसते. त्याच्याकडे असतो तो करारातला एक परिच्छेद: हा आवाज याच चित्रपटापुरता, त्यावरून यंत्राला शिकवायचे नाही, आणि नमुना म्हणून पाठवलेल्या फाइलीही काम न मिळाल्यास पुसून टाकायच्या. हा परिच्छेद मागितल्यावर निर्माता काय म्हणतो ते पाहावे. नाराज होऊन दुसरा माणूस शोधतो म्हणाला, तर त्याला फाइल पाठवू नये, नमुन्याचीसुद्धा.